वाडा उतरवायच्या आधी नोंद कुठून सुरू करावी?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. सातारा जिल्ह्यातला तुमचा दोन चौकांचा वाडा तीन चुलत घरांत वाटला गेला आहे. आता तिघांचं ठरलंय की दिवाळीनंतर तो उतरवायचा. त्याआधी त्याची नीट नोंद व्हावी म्हणून तुम्ही एका कंपनीला विचारलंत, त्यांनी लेझर स्कॅनिंगचा, म्हणजे लेझरने वाड्याचे असंख्य बिंदू मोजून घेण्याचा, खर्च काही लाखांत सांगितला. अमेरिकेतला तुमचा चुलतभाऊ म्हणतो, स्कॅन करून टाकू. तुम्हाला वाटतं, मोबाइलवर भरपूर फोटो आणि व्हिडिओ काढले तर भागणार नाही का? मधल्या घरचे काका आपल्या भागात कुणाला येऊ देत नाहीत, हे तुम्ही शेवटी लिहिलंय. आणि अगदी जाता जाता लिहिलंय की वाड्यातच वाढलेली एक आत्या साताऱ्यात असते, तिचं वय ८४.

मी गेली २२ वर्षं जुन्या इमारतींची मोजणी आणि नोंद करते. बहुतेक वाडे, काही देवळं, एक-दोन गिरण्या. तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर आत्यांपासून सुरू होतं. स्कॅनर दिवाळीच्या आदल्या आठवड्यातही आणता येईल. आत्यांना पावसाळ्यात चिखलातून वाड्यावर न्यायचं तर त्याची तजवीज आजपासून करायला हवी.

स्कॅन की फोटो, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. खरी अडचण अशी आहे की ज्याने हा वाडा कधीच पाहिलेला नाही, त्याला ५० वर्षांनी ही नोंद हातात घेऊन काय कळायला हवं, हे तुमच्या घरात कुणीच ठरवलेलं नाही. ते ठरलं की साधन आपोआप ठरतं. वाडा दिसायला कसा होता एवढंच हवं असेल तर चांगले फोटो पुरतात. तो कसा उभा होता, कोणत्या क्रमाने वाढला, कुठे फुटला, त्यात कोण कुठे बसत-झोपत होतं आणि कुणाला कुठवर येता येत होतं, हे हवं असेल तर फोटोंचे ढीग आणि कोट्यवधी बिंदूंचं स्कॅन दोन्ही अपुरे पडतात.

शनिवारवाड्याचं उदाहरण सगळ्यांना जवळचं आहे. १७३० साली पाया घातला, १८२८ च्या आगीत आतल्या इमारती गेल्या. आज आत फिरताना जोती दिसतात, कारंजी दिसतात, कुठली खोली कुठे होती त्याच्या पाट्या दिसतात. जोत्याच्या वर नेमकं काय होतं, किती मजले, कसे जिने, यावर तर्कच चालतात. एवढ्या मोठ्या सत्तेच्या घराची ही गत. तुमच्या वाड्याचं तर जोतंही उरणार नाही, तिथे पार्किंग होईल.

आता कशावर काय अवलंबून आहे ते आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुमच्या परिस्थितीला लावून घेता येईल.

पहिलं, तुमच्या नगरपालिकेच्या नगररचना विभागात जाऊन वाडा वारसा यादीत आहे का ते लेखी विचारा. यादीत असेल तर श्रेणीप्रमाणे परवानगी लागते आणि उतरवायचा निर्णय फक्त तुम्हा तिघांचा उरत नाही. शेजारी केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक असेल तर २०१० पासूनच्या कायद्याप्रमाणे १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत नियंत्रण आहे. नदीकाठच्या जुन्या गावांत हे पुष्कळदा शेवटी कळतं, तोवर वाडा पाडून झालेला असतो आणि नवीन बांधता येत नाही. मी हे दोनदा पाहिलंय. दुसरं, सगळाच वाडा जाणार की दर्शनी भाग ठेवण्याची काही शक्यता आहे? तसं असेल तर त्या भागाची मोजणी पुढे दुरुस्तीला वापरता येईल इतकी काटेकोर लागते. तिसरं, भाडेकरू असतील तर त्यांच्या खोल्यांची मोजमापं हा त्यांच्या हक्काचा विषय आहे. त्यांना आधी सांगा, तुमच्या मोजणीची एक प्रत द्या, म्हणजे मोजायची फीत दिसताक्षणी दार बंद होणार नाही. चौथी गोष्ट वेळ. आता आषाढ आहे, हातात साडेतीन महिने आहेत. दोन चौकांच्या वाड्याला तिघा जणांना जागेवर सहा-सात दिवस लागतात आणि कागदावर उतरवायला त्याच्या तिप्पट. म्हणजे वेळ आहे, पण गणपती-नवरात्रात कुणी येणार नाही, हे धरून चाला.

आता आत्यांकडे वळते.

वाईच्या बाजूच्या एका वाड्यात आम्ही चार दिवस मोजत होतो. पाचव्या दिवशी घरातल्या एक आजी आल्या, ८० च्या पुढच्या, लग्न होऊन गेल्यानंतर ४० वर्षांनी माहेरच्या वाड्यात पाऊल टाकत होत्या. सोप्यातून, म्हणजे पुढच्या बैठकीच्या जागेतून, माजघराकडे चालताना, मोकळ्या जागेत, जिथे चौकट नाही, भिंत नाही, तिथे त्यांनी मान वाकवली आणि पुढे गेल्या. त्यांच्या लक्षातही आलं नाही. मी त्यांना थांबवलं, तिथेच वर बॅटरी मारली. तुळईला दोन खाचा होत्या, लाकडाचे तुकडे ठोकून बुजवलेल्या, वरून तेलकट रंग. खाली शहाबादी फरशीचा एक आडवा पट्टा बाकीच्या फरशीपेक्षा वेगळा होता, उंबऱ्याच्या रुंदीचा. तिथे ठेंगणं दार होतं. आम्ही त्या दोन खाचांखालून चार दिवस ये-जा केली होती. आजींच्या मानेला ते दार ठाऊक होतं.

ते दार सापडल्यावर सबंध प्लॅनचा अर्थ बदलला. पुढचा सोपा पुरुषांचा आणि दाराच्या आतलं घर बायकांचं, ही हद्द तिथे होती. ती सगळी जागा आम्हाला एकच मोकळी बैठक वाटली होती.

म्हणून आत्यांना घेऊन वाड्यातून फिरा. खुर्चीवर बसवून मुलाखत घेऊ नका, बसल्या जागी माणूस ठरावीक गोष्टी सांगतो. दिंडी दरवाजापासून सुरुवात करा, देवडी, पहिला चौक, ओसरी, सोपा, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, कोठी, परसू, आड, आणि जिना चढवत असेल तर माडी. फोनचा रेकॉर्डर चालू ठेवा आणि प्रत्येक खोलीत शिरताना खोलीचं नाव मोठ्याने म्हणा, नाहीतर नंतर ऐकताना "इथे", "तिथे" कुठलं ते कळत नाही. प्रश्न साधे असू द्यात. सकाळी पहिलं दार कोण उघडायचं? दिवा कुठे टांगायचा? धान्य कुठल्या बळदात, म्हणजे भिंतीतल्या कोठारात, जायचं आणि ते उघडायचं कुठून? बाळंतिणीची खोली कुठली? बाजूला बसायचं तेव्हा बायका कुठे बसायच्या? हे शेवटचे प्रश्न घरातल्या बाईने विचारलेले बरे, बहिणीला किंवा बायकोला सोबत न्या.

आणखी एक सांगते, ते अवघड आहे पण टाळू नका. वाड्याच्या आठवणी फक्त मालकांच्या नसतात. ज्यांना ओसरीच्या वर येऊ दिलं जात नव्हतं, ज्यांच्यासाठी पाणी परसातून ओतलं जायचं, ज्यांनी धुणंभांडी केली, वीट वाहिली, त्यांची घरं गावात असतील. त्यांच्याशीही बोला. कुठल्या पायरीला थांबायचं ते त्यांना नेमकं सांगता येतं. तुमच्या नोंदीत ती पायरी दाखवली नाही तर वाड्याचं अर्धं वास्तव गेलं. हे लिहिताना घरातल्या कुणाला वाईट वाटेल, तरीही लिहा.

या सगळ्या बोलण्याचं करायचं काय? माझ्या वहीत प्रत्येक नोंदीच्या डाव्या समासात तीनपैकी एक अक्षर असतं: प, ऐ किंवा अं. पाहिलं, ऐकलं, अंदाज. "तुळईला दोन बुजवलेल्या खाचा" यापुढे प. "प्लेगच्या वेळी ही खिडकी पाडली, असं आजी म्हणतात" यापुढे ऐ. "जिना मुळात पूर्वेला असावा" यापुढे अं. बस, एवढंच. पण हे पहिल्या दिवसापासून करायला हवं. महिन्याभराने वही उघडली की आपण पाहिलेलं काय आणि ऐकलेलं काय हे आपल्यालाच सांगता येत नाही, आणि अहवालात सगळं एकाच ठाम सुरात उतरतं. पुढे कुणीतरी तेच उचलतं आणि तुमचा अंदाज इतिहास होऊन बसतो.

मोजणी तुम्ही स्वतः करू शकता. लागतं काय? ३० मीटरची फीत, ५ मीटरचा टेप, हजार-दोन हजारांचं लेझर मोजयंत्र, ओळंबा, गवंड्याकडची पाण्याची पारदर्शक नळी, आणि आलेखाचे कागद. आधी न मोजता हाताने कच्चा प्लॅन काढा, मोठा, एका पानावर एकच खोली. घाई इथेच नडते. कच्चा प्लॅन लहान काढला की आकडे एकमेकांवर चढतात आणि घरी आल्यावर ३ आणि ८ यांतला फरक कळत नाही.

भिंत मोजताना फीत एका कोपऱ्यात शून्यावर धरा आणि न उचलता शेवटपर्यंत न्या. दार इथे सुरू, इथे संपलं, कोनाडा इथे, असे सगळे आकडे त्या एकाच शून्यापासून लिहा. तुकड्यातुकड्याने मोजलं तर प्रत्येक तुकड्यात चार-पाच मिलिमीटर इकडेतिकडे होतात आणि दहा तुकड्यांच्या भिंतीत ते साचून खोली बंदच होत नाही. मग कर्ण मोजा. प्रत्येक खोलीचे दोन्ही, चौकाचे तर हमखास. चौक नजरेला काटकोनी वाटतो. आम्ही मोजलेल्या एका चौकाच्या दोन कर्णांत १४ सेंटिमीटरचा फरक निघाला, कारण पूर्वेची भिंत शेजाऱ्याच्या जुन्या हद्दीला धरून तिरकी बांधली होती. तो तिरकेपणा मोजला नसता तर ती हद्द कळली नसती.

उंचीसाठी पाण्याची नळी घेऊन सगळ्या वाड्यात एकच आडवी रेघ फिरवा, खडूच्या बारीक खुणांनी, जमिनीपासून साधारण मीटरभर. पुढे प्रत्येक उंची त्या रेघेपासून वर किंवा खाली. जमिनीपासून मोजू नका. वाड्याची जमीन चौकाकडे उतरती असते, माजघरात शेणाचे थर चढलेले असतात, सोप्यात नंतर फरशी बसवलेली असते.

काटेकोरपणा किती असावा, यावर लोक उगाच घाबरतात. प्लॅन १:५० ला काढणार असाल तर कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जागेवरचे ५०. बारीक पेनाची ०.२ मिलिमीटरची रेघच तिथे एक सेंटिमीटर खाते. म्हणजे खोलीच्या मापात अर्ध्या सेंटिमीटरची चूक कागदावर दिसणारच नाही. तिथे मिलिमीटरच्या मागे लागू नका. तो जीव खांबाच्या नक्षीसाठी राखून ठेवा. तळखडा (खांबाखालचा दगड), खांब, त्यावरचं कोरीव केळफूल, महिरप आणि दारावरची गणेशपट्टी १:५ किंवा खऱ्या मापात काढावी लागते. एक खांब नीट काढला की बाकीचे सारखे आहेत का ते फक्त तपासा. सारखे नसतीलच. एखादा नंतर बदललेला असतो आणि तो कुठला, यातच बरीचशी हकीकत असते.

खांबांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत घ्या. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण, आणि वाडा खणांत मोजला जायचा, खोल्यांत नव्हे. पाच खणी सोपा, तीन खणी माजघर. चोवीस तसूंच्या गजाने काम करणाऱ्या सुताराने हा खण ठरवला होता. तुमच्या मीटरातल्या मापांत एकच आकडा पुन्हा पुन्हा येऊ लागला आणि एका बाजूला अचानक वेगळा झाला, की तिथे काम थांबून पुन्हा सुरू झालेलं असतं, बहुधा वेगळ्या पिढीत. तुमच्या दुसऱ्या चौकाबद्दल मला हेच तपासून हवं आहे.

वाडा "२०० वर्षांचा" आहे हे प्रत्येक घरात सांगतात. असेलही. पण घराच्या वेगवेगळ्या भागांचं वय वेगवेगळं असतं आणि ते ओळखायच्या काही पक्क्या खुणा आहेत. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला काढला. म्हणजे मंगलोरी कौल असलेलं छप्पर त्याआधीचं असूच शकत नाही, खालच्या भिंती खुशाल असू देत. कौलाच्या पाठीवर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं, प्रत्येक प्रकारचं एकेक कौल उलटं करून फोटो घ्या. इथे एक सावधगिरी: बासेल मिशनच्या कौलावर १८६५ हा आकडा दिसला तर तो कारखाना सुरू झाल्याचा आहे, ते कौल भाजल्याचा नाही. मी सुरुवातीच्या काळात एका अहवालात नेमकी ही चूक केली आणि छपाईआधी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ती पकडली म्हणून वाचले.

माडीखाली लोखंडी तुळई असेल तर तिच्या पोटावरचा गंज ब्रशने हळू काढून पाहा. जुने रूळ तुळई म्हणून वापरण्याची पद्धत होती आणि रुळावर बनवणाऱ्याचं नाव आणि साल असतं. आपल्याकडे पहिली आगगाडी १८५३ ची, म्हणून रुळावर टेकलेलं काहीही त्यानंतरचंच. तुळईवर टाटांचं नाव असेल तर ती १९१२ नंतरची, कारण त्यांच्या कारखान्यात पोलाद तेव्हापासून निघू लागलं. आणि तुमचा जिल्हा सातारा, म्हणून ११ डिसेंबर १९६७ ही तारीख आत्यांना आवर्जून विचारा. कोयनेच्या भूकंपाच्या त्या पहाटे घरात काय पडलं, कुठली भिंत फुटली, कुणी दुरुस्त केली. तिरपी गेलेली तडा आणि तिच्यावरचा सिमेंटचा पट्टा दिसला की भिंतीचं वय नाही पण दुरुस्तीचं वय हाती लागतं. या सगळ्या खुणा "याच्या आधीचं नाही" एवढंच सांगतात, हे ध्यानात ठेवा. जुना माल नव्या कामात लोक सर्रास वापरत.

फोटोंबद्दल फार लिहीत नाही. प्रत्येक खोलीचे चारही भिंतींना सरळ समोरून, मग छत, मग जमीन, मग बारकावे. बारकाव्याच्या फोटोत मोजपट्टी ठेवा. आणि फोटो कुठून काढला याचा बाण प्लॅनवर फोटोच्या क्रमांकासकट काढा. बाणाशिवायचे हजार फोटो तुमच्या मुलांच्या पिढीला निरुपयोगी आहेत, त्यांना कडीपाटाचं, म्हणजे आडव्या लाकडी कड्यांवर फळ्या टाकलेलं, एक छत दुसऱ्यापासून ओळखता येणार नाही. व्हिडिओ आत्यांबरोबरच्या फेरीचा असू द्या, बाकी नको.

आता स्कॅनिंग. मी ते स्वतः कामात वापरते आणि त्याच्या विरोधात मुळीच नाही. भिंती ओळंब्यातून गेल्या असतील, माडीवर चालणं धोक्याचं असेल, दर्शनी लाकडी सज्जावर खूप कोरीवकाम असेल, किंवा हातात चारच दिवस असतील, तर पैसे सत्कारणी लागतात. तुमच्याकडे वेळ आहे. तुमच्या पत्रावरून कोरीवकाम फक्त दर्शनी दरवाजा आणि पहिल्या चौकाच्या खांबांवर दिसतंय. एवढ्या भागासाठी मोबाइलच्याच फोटोंतून त्रिमिती प्रतिकृती होते: एका फोटोचा निदान ६०-७० टक्के भाग पुढच्या फोटोत यावा अशा बेताने वस्तूभोवती फिरून शंभरेक फोटो, उजेड सारखा असताना, म्हणजे ढगाळ दिवशी. आषाढ त्याला उत्तम.

तरीही सबंध वाड्याचं स्कॅन करायचंच ठरलं तर पैसे देण्याआधी करारात तीन गोष्टी लिहून घ्या. मूळ बिंदूंची माहिती तुम्हाला मिळणार, आणि ती कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडेल अशा सर्वसामान्य स्वरूपात, ई५७ सारख्या. त्यावरून १:५० चे प्लॅन आणि किमान दोन सेक्शन (उभे छेद) काढून देणार. आणि माहितीची मालकी तुमची. माझ्याकडे एक कुटुंब आलं होतं, त्यांच्याजवळ कंपनीने दिलेली सुंदर फिरती चित्रफीत होती, एक मिनिट ४० सेकंदांची. बाकी काही नाही. कंपनीने मूळ माहिती तोवर पुसून टाकली होती आणि वाडा पडून दोन वर्षं झाली होती. त्यांना मी काहीच मदत करू शकले नाही.

मधल्या घरच्या काकांचं काय करायचं? आग्रह धरू नका. त्यांचा राग वाड्याच्या मोजणीवर नसतो, वाटणीवर असतो, आणि फीत पाहिली की वाटणीच आठवते. त्यांच्या भागाची बाहेरून, वरून, शेजारच्या खोल्यांतून जेवढी मापं मिळतात तेवढी घ्या आणि प्लॅनमध्ये ती जागा तुटक रेघांनी कोरी ठेवा. आत लिहा, "आत जाता आलं नाही", खाली तारीख. अंदाजाने भरू नका. शिवाय चौकाच्या मधोमध घातलेली वाटणीची भिंतही मोजा, तिची वीट, तिची जाडी, ती तुळशी वृंदावनाच्या कुठल्या बाजूने गेली आहे ते. पुष्कळ घरांना ती भिंत नकाशातून काढून "मूळ वाडा" दाखवून हवा असतो. ती भिंतही वाड्याचीच आहे. काढलेला प्लॅन काकांना नेऊन दाखवा. माझा अनुभव असा की कोरी जागा पाहिल्यावर बरेच जण स्वतःच म्हणतात, "या, उद्या सकाळी या."

कागदपत्रं तिघांच्या घरांत विखुरलेली असतील. सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका आणि नकाशा काढून घ्या, त्यात जुन्या हद्दी मिळतात. सनद, खरेदीखत, वाटणीपत्र, जमाखर्चाच्या वह्या, यांतलं मोडीत असेल ते वाचता येत नाही म्हणून बाजूला टाकू नका. सुताराला, गवंड्याला, चुन्याला किती दिले, हे बांधकामाच्या खर्चाच्या वहीत सापडलं तर सालासकट सापडतं, आणि त्यापुढे समासात प लिहिता येतं. मोडी वाचणारे लोक आजही आहेत, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करा.

आता ज्या भागाबद्दल तुम्ही विचारलंच नाही, त्याबद्दल. वाडा उतरवायला सुरुवात होते ते दिवस नोंदीच्या दृष्टीने सगळ्यांत मोलाचे असतात आणि त्या दिवसांत घरचं कुणी तिथे नसतं, कारण पाहवत नाही. मी समजू शकते. पण कुणीतरी थांबा. कौलं उतरली की वाशांची जोडणी दिसते. कडीपाटावरचा मातीचा थर काढला की त्याची जाडी मोजता येते. भिंत अर्धी उतरली की आतला गाभा दिसतो, बाहेरून घडीव दगड आणि आत माती-गोटे, की भाजकी वीट सलग. बुजवलेली बळदं आणि कोनाडे उघडतात. खांब तुळईतून सुटला की त्याचा कुसू, म्हणजे खाचेत बसणारं टोक, दिसतो आणि त्याशेजारी सुताराने जुळणीसाठी कोरलेल्या खुणा, एक रेघ, दोन रेघा, फुली. या खुणा १०० वर्षांहून अधिक काळ कुणी पाहिलेल्या नसतात आणि त्याच संध्याकाळी त्या ट्रकमध्ये जातात.

इथे माझी एक चूक सांगते, तुमच्याकडून ती होऊ नये म्हणून. एका वाड्याचा चौक दुसऱ्या जागी पुन्हा उभा करायचा होता. आम्ही प्रत्येक खांबाला, तुळईला, कडीला क्रमांक दिला, प्लॅनवर तोच क्रमांक लिहिला. पण लाकडावर क्रमांक टाकले खडूने, कारण जुन्या सागवानाला खिळा मारायला मन होईना. माल उघड्यावर रचला होता आणि एप्रिल अखेरीस वळवाचा पाऊस आला. सकाळी २०० च्या वर नग स्वच्छ धुतलेले, एकसारखे. खांब आणि तुळया मापांवरून जुळवल्या, कड्या बऱ्याच अंदाजाने गेल्या, आणि आज तो चौक उभा आहे तरी कुठली कडी मूळ जागी आहे हे मला सांगता येत नाही. तेव्हापासून पत्र्याचा ठोक-अक्षरांचा बिल्ला, न दिसणाऱ्या बाजूला, पितळी चुकेने. तुम्ही काही खांब ठेवणार असाल तर असंच करा.

कोरीव लाकूड विकत घ्यायला लोक येतील, वाडा उतरतोय ही बातमी त्यांना तुमच्याआधी कळते. १०० वर्षांहून जुनी, इमारतीतून सुटी केलेली कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात बसते. तिच्या व्यापाराला परवाना लागतो आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. तेव्हा अमेरिकेतल्या भावाने "गणेशपट्टी मी घेऊन जाईन" असं म्हटलं असेल तर त्याला आत्ताच सांगा.

मदत हवी असेल तर जवळच्या वास्तुकला महाविद्यालयात विचारा. मोजून नकाशे काढणं हा त्यांच्या अभ्यासाचा भाग असतो आणि वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय संघटनेत दस्तऐवजीकरणासाठी लुई कान ट्रॉफी असते, त्यासाठी मुलं चांगल्या वाड्याच्या शोधात असतात. त्यांना जेवण आणि झोपायची जागा द्या, काम मनापासून करतात. एक जाणता माणूस मात्र सोबत हवा.

सगळं झाल्यावर छापील प्रत काढा. एक तिघांपैकी प्रत्येकाकडे, एक गावच्या वाचनालयात, एक त्या महाविद्यालयात. फाइली दोन वेगळ्या डिस्कवर आणि एक प्रत भावाकडे अमेरिकेत. नावं देताना खोलीचं नाव आणि तारीख असू द्या.

म्हणजे क्रम असा: या महिन्यात आत्या आणि नगरपालिका, श्रावणात कच्चे प्लॅन आणि मोजणी, भाद्रपदात कागदपत्रं आणि राहिलेली मापं, मग स्कॅन हवं का ते ठरवा. तोवर कुठे हात पोचला नाही हे तुम्हाला नेमकं माहीत असेल आणि कंपनीला तेवढ्याच भागाचे पैसे द्यावे लागतील.

आत्यांना सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान न्या. पावसाळ्यात माजघरात त्यानंतर काही दिसत नाही आणि विजेचा दिवा लावला की जुन्या माणसांना खोली परकी वाटते. आडापाशी शेवाळ असेल, हात धरा. आणि त्या कुठे मान वाकवतात, कुठे न बघता हात लांब करतात, तिथे जमिनीवर खडूने फुली मारून ठेवा.